पोतदाराची कसोटी आणि कारखान्याची भिंत

रायगड किल्ला ज्या महाड तालुक्यात उभा आहे, त्या तालुक्याला धातूचा कस पाहण्याची विद्या परकी नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही नाणी प्रचारात आली. मराठी राज्यव्यवहारात नाण्यांची पारख करून हिणकस नाणे बाजूला काढणारा पोतदार हा स्वतंत्र अधिकारी असे. कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून तिच्या रंगावरून शुद्धता ठरवणे, नाणे वाजवून त्याचा नाद ऐकणे आणि तागडीत घालून तूट पाहणे ही त्याची साधने होती. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन कंपनीच्या मागण्या घेऊन रायगडावर आला. कंपनीचे नाणे मराठी मुलखात चालावे, या मागणीला मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता की कोणतेही नाणे चालण्यास मनाई नाही, मात्र ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. धातू चोख आणि वजन पुरे असेल तर ते आपोआप चालेल. शिक्का कोणाचा यापेक्षा आत काय आहे याला महत्त्व देणारा हा दृष्टिकोन पुढील विवेचनातही उपयोगी पडणारा आहे.

साडेतीनशे वर्षांनंतर त्याच तालुक्यात धातूची पारख पुन्हा करण्याची वेळ आली आहे; मात्र तिचा हेतू उलटा झाला आहे. पोतदार हव्या असलेल्या धातूत नको ती भेसळ शोधत असे, तर आजचा परीक्षक हव्या असलेल्या इमारतीत नको तो धातू शोधतो. एखाद्या जुन्या कारखान्याची शेड पाडण्यापूर्वी, विकण्यापूर्वी किंवा दुसऱ्या उपयोगासाठी घेण्यापूर्वी तिच्या भिंती, फरशी, छत, रंग, गटारे आणि खालची माती यांत शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, निकेल यांसारखे घातक धातू किती प्रमाणात आणि कोणत्या रूपात मुरले आहेत हे ठरवण्याच्या पद्धतशीर कामाला धातू-दूषणाचे मूल्यांकन म्हणतात. हे काम रसायनशास्त्रज्ञाचे आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते, आणि प्रयोगशाळेतील भाग त्याचाच आहे. परंतु नमुना कोठून घ्यावा, कशासाठी तपासावा आणि मिळालेल्या आकड्याचा अर्थ काय लावावा, हे तिन्ही प्रश्न मुळात इतिहासाचे आहेत. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांचा भूतकाळ तपासला की हे विशेष स्पष्ट होते.

आरंभ भाषेपासून करता येतो, कारण घातक धातूंची ओळख मराठीला कारखान्यांच्या पुष्कळ आधीपासून आहे. वैदूच्या पेटीतील सोमल म्हणजे आर्सेनिकचे संयुग, चित्रकाराचा पिवळाधमक हरताळ हेही आर्सेनिकचेच, हिंगूळ हे पाऱ्याचे, मुरदाडशिंग हा शिशाचा ऑक्साइड, आणि सुपारीच्या बागेत कोळे रोगावर चुन्याबरोबर फवारला जाणारा मोरचूद हे तांब्याचे संयुग. यांतील सर्वांत बोलका पदार्थ शेंदूर. ग्रामदेवतेच्या पाषाणाला आणि मारुतीला तेलात कालवून वर्षानुवर्षे चढवला जाणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड. आणि लोखंडी तुळई, टाकी किंवा पूल यांना गंज धरू नये म्हणून रंगाच्या पहिल्या हातात विसाव्या शतकात जगभर वापरले गेले ते द्रव्यही हेच. देवळातल्या शेंदराचे कवच पिढ्यांनंतर एकदम गळून पडते तसे जुन्या लोखंडावरचे रंगाचे थरही पापुद्रे होऊन सुटतात. फरक इतकाच की देवळातले कवच भाविक आदराने विसर्जित करतात आणि कारखान्यातले पापुद्रे झाडूने कोपऱ्यात लोटले जातात. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांच्या विक्रीला तो लागू झाला. औद्योगिक रंग त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे शेडच्या सांगाड्यावरील रंग शिसेयुक्त आहे असे गृहीत धरूनच परीक्षकाला कामाला लागावे लागते.

भाषेनंतर भूमी. महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्याची टोपी आहे आणि तिच्या खाली काळ्या दगडाचे, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसॉल्टचे थर आहेत. सावित्री नदी तेथे उगम पावून पोलादपूरवरून महाडकडे येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, तेव्हा तिच्या गाळात या दोन्ही दगडांची माती मिसळलेली असते. बेसॉल्टमध्ये तांबे आणि क्रोमियम हे दोन्ही धातू किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असणे स्वाभाविक आहे, व्हॅनेडियम त्याच्याही पुढे जाते, आणि उष्ण व पावसाळी हवेत दगड कुजून जांभा होताना विरघळणारी द्रव्ये वाहून गेल्यामुळे लोह, ॲल्युमिनियम व क्रोमियम मागे साचून त्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे परदेशी मार्गदर्शिकेतील मर्यादा जशीच्या तशी लावली तर कधीही कारखाना न पाहिलेले वरकस शेतही दूषित ठरू शकेल, आणि चिऱ्याच्या प्रत्येक कुंपणाला गुन्हेगार मानावे लागेल. उलट शिसे या दगडात अत्यल्प असते, आणि पारा व कॅडमियम जवळजवळ नसतातच. म्हणून या तिघांपैकी कोणी मोठ्या प्रमाणात आढळला तर तो माणसानेच आणलेला आहे असे बरेचसे खात्रीने म्हणता येते. दूषणाची मोजणी करण्यापूर्वी निसर्गाचे मूळ प्रमाण ठरवावे लागते, त्याला पार्श्वभूमी-मूल्य म्हणतात, आणि या कामी पोलादपूर तालुक्याचे महत्त्व मोठे आहे. नावात पोलाद असले तरी त्यावरून तेथे कधी लोहउद्योग होता असा तर्क करणे घाईचे ठरेल. महत्त्व आहे ते भूगोलाचे. महाडच्या औद्योगिक क्षेत्राच्या वरच्या अंगाला, तोच दगड, तोच पाऊस आणि तीच नदी असलेला हा मुलूख तुलनेचा नमुना म्हणून जणू सिद्धच आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागते: मुंबई–गोवा महामार्ग पोलादपुरातून जातो, आणि २००० सालापर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते, म्हणून तुलनेची माती रस्त्यालगतची असून चालत नाही, तसेच मोरचूद फवारलेल्या बागेतील मातीवरून तांब्याचे मूळ प्रमाण ठरवता येत नाही.

महाडचा अर्थव्यवहार दीर्घकाळ बंदर आणि घाट यांच्यामधला होता. खाडीने दासगाव-महाडपर्यंत येणारा माल वरंधा आणि पार या घाटांनी देशावर चढे आणि देशावरचा माल उतरे. आंबेनळी घाटाचा रस्ता झाल्यावर पोलादपूर महाबळेश्वरला जोडले गेले. मोठा कारखाना या काळात नव्हता. येथील माणसे मात्र मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चाकरमानी म्हणून गेली, म्हणजे औद्योगिक धातूंशी या तालुक्यांचा पहिला संबंध जमिनीच्या द्वारे न येता माणसांच्या फुप्फुसांतून आणि हातांतून आला.

याच बाजारपेठेने दूषण या शब्दाचा एक वेगळा अर्थही पाहिला आहे, आणि तो येथे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी घेतले, आणि त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून व पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. जेथे दूषण नव्हते तेथे ते ठरवण्यात आले आणि ज्या द्रव्यांनी ते घालवल्याचे मानले गेले त्यांनी पाणी प्रत्यक्षात घाण झाले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते, आणि वरिष्ठ हिंदूंनाच त्याचा वापर करता येईल अशी अनादिकालापासूनची रूढी सिद्ध होत नाही, या आधारावर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. दूषित काय आणि अदूषित काय हे परंपरेने किंवा समजुतीने न ठरवता पुराव्याने ठरवावे लागते, याचा महाडइतका ठसठशीत दाखला क्वचितच सापडेल.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची, तर महाडचे औद्योगिक क्षेत्र प्रत्यक्ष आकाराला आले ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून. बिरवाडी, जिते, आसनपोई, कांबळे तर्फे बिरवाडी या गावांच्या परिसरात काळ आणि सावित्री या नद्यांच्या सान्निध्यात भूखंड पडले, आणि रसायने, औषधांचे कच्चे घटक, रंगद्रव्ये व सुगंधी द्रव्ये यांचे कारखाने उभे राहिले. म्हणजे येथील सर्वांत जुन्या शेड आता पस्तिशीच्या आसपास आहेत. मुंबईच्या गिरणीच्या तुलनेत हे वय कोवळे वाटेल. पण कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस, आम्लाची वाफ आणि खारी हवा यांच्या माऱ्यात रासायनिक कारखान्याची इमारत लवकर म्हातारी होते. शिवाय भूखंड भाडेपट्ट्याने दिलेला असतो, कंपनी बदलते, उत्पादन बदलते, नावाची पाटी बदलते, आणि भिंत मात्र तीच राहते.

त्या भिंतीत काय असू शकते, याचा अंदाज उत्पादनप्रक्रियेवरून बांधावा लागतो. गंधकाम्लाच्या टाक्यांना आतून शिशाच्या पत्र्याचे अस्तर लावण्याची पद्धत जुनी आहे. असे अस्तर कापून काढताना शिशाचा कीस जमिनीवर पडतो आणि फरशीच्या सांध्यांत जातो. सेंद्रिय पदार्थाच्या उपचयनासाठी, म्हणजे त्याला ऑक्सिजन जोडण्यासाठी, पोटॅशियम किंवा सोडियम डायक्रोमेट वापरले असेल तर क्रोमियमचे सहासंयुजी रूप काँक्रीटमध्ये शिरते. क्रोमियमची दोन रूपे येथे लक्षात ठेवावी लागतात: जांभ्यात असते ते त्रिसंयुजी, जवळजवळ न विरघळणारे आणि तुलनेने निरुपद्रवी, तर डायक्रोमेटमधले सहासंयुजी सहज विरघळणारे आणि कर्करोगकारक. हायड्रोजन जोडण्याच्या क्रियेत बारीक निकेल उत्प्रेरक म्हणून लागते, क्रिया घडवून आणणारे पण स्वतः खर्च न होणारे द्रव्य म्हणजे उत्प्रेरक. गाळणयंत्राच्या आसपास त्याची काळी भुकटी सापडते. काही रंगमध्यस्थांच्या, म्हणजे रंग तयार होताना मधल्या टप्प्यावर लागणाऱ्या रसायनांच्या, निर्मितीत पारा उत्प्रेरक होता. पिवळ्या व नारिंगी रंगद्रव्यांचा एक मोठा वर्ग शिसे आणि क्रोमियम या दोहोंचा मिळून बनलेला होता, त्यामुळे अशा शेडच्या तुळयांवर साठलेली धूळ दोन्ही धातूंनी भरलेली असू शकते. शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात गंजरोधक म्हणून क्रोमेट घालण्याची पद्धत जुनी, आणि मनोऱ्याच्या लाकडाला वाळवी व बुरशी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या मिश्रणाची प्रक्रिया केलेली असे. धातूशी काही संबंध नसलेले उत्पादन काढणाऱ्या कारखान्यातही हे दोन स्रोत संभवतात. अर्थात ही सर्व शक्यतांची यादी आहे, एखाद्या विशिष्ट कारखान्यावरचा आरोप नव्हे.

शक्यतेचे रूपांतर ज्ञानात करायचे तर पहिली पायरी दप्तराची. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांत कोणते उत्पादन किती प्रमाणात काढण्यास परवानगी होती हे नोंदलेले असते, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे इमारतीचे मंजूर नकाशे असतात, महामंडळाकडे भूखंड हस्तांतराची साखळी असते, आणि धोकादायक कचऱ्याविषयी १९८९ साली पहिले नियम झाल्यानंतरच्या काळात त्या कचऱ्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक झाले. या कागदांतून जे सुटते ते निवृत्त कामगाराला माहीत असते: कोणत्या कोपऱ्यात पिंप फुटले होते, कोणते गटार बुजवून त्यावर कोबा केला, आणि जुना रिॲक्टर उचलला तेव्हा खाली काय होते. अशा तोंडी साक्षी इतिहासकार ज्या दक्षतेने घेतो, त्याच दक्षतेने परीक्षकाने घ्याव्या लागतात.

दुसरी पायरी प्रत्यक्ष नमुन्यांची. ठरावीक क्षेत्रफळाचा पृष्ठभाग, बहुधा १० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद, ओल्या पट्टीने पुसून धूळ घेतली जाते. रंगाचे पापुद्रे सर्व थरांसह खरवडले जातात. काँक्रीटमध्ये छिद्र घेऊन खोलीनुसार वेगवेगळी भुकटी गोळा केली जाते, कारण वरच्या सेंटिमीटरभरात अडकलेला धातू आणि आरपार गेलेला धातू यांच्या विल्हेवाटीचा खर्च अगदी भिन्न असतो. चिऱ्याच्या बाबतीत ही खोली विशेष महत्त्वाची, कारण जांभा सच्छिद्र असून द्रावण आत ओढून घेतो. हातात धरण्याच्या क्ष-किरण यंत्राने जागच्या जागी धातूंचे प्रमाण काही सेकंदांत कळते, आणि या यंत्राला आधुनिक कसोटीचा दगड म्हणण्यास हरकत नाही. पण त्याला क्रोमियम दिसते, त्याचे रूप दिसत नाही, त्यामुळे जांभ्याच्या मुलखात ते सहज फसवू शकते. सहासंयुजी क्रोमियमसाठी डायफिनाइलकार्बाझाइड या अभिकर्मकाची जुनी रंगपरीक्षा आहे, तिच्यात आम्लयुक्त द्रावण जांभळे होते. शेवटी, पाडकामातून निघणारा राडारोडा कोठे टाकायचा हे ठरवण्यासाठी त्यातून धातू किती सुटतो ते पाहावे लागते. सौम्य ॲसेटिक आम्लात सुमारे १८ तास घुसळून केलेल्या या पाझर-परीक्षेत लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसे निघाले तर तो राडारोडा धोकादायक कचरा ठरतो आणि त्याची रवानगी तळोज्यासारख्या अधिकृत प्रक्रिया-केंद्रात करावी लागते.

पूर्वेतिहास ठाऊक असतानाही दूषण किती काळ टिकते, याचा दाखला महाराष्ट्रात कल्याणजवळच्या मोहने येथे आहे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यात रेयॉनसाठी लागणारा कॉस्टिक सोडा पाऱ्याच्या विद्युतघटांत तयार होत असे. मिठाच्या द्रावणातून वीज सोडली की सोडियम वाहत्या पाऱ्यात मिसळतो आणि पुढे पाण्याशी संयोग पावून कॉस्टिक सोडा देतो, पण प्रत्येक फेरीत थोडा पारा सांडतो किंवा उडतो. शेजारच्या काळू नदीतील पारा हा १९७० च्या दशकापासून शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. कारखाना २००९ साली बंद पडला. नदीची चर्चा झाली, तशी घटगृहाच्या जमिनीची झाली नाही. कोडाईकनालच्या तापमापी कारखान्याची गोष्ट याहून अधिक नोंदलेली आहे: १९८३ साली अमेरिकेतून यंत्रसामग्री आणून सुरू झालेला हा कारखाना, पारा असलेली फुटकी काच भंगारवाल्याकडे सापडल्यावर २००१ साली बंद झाला, २००३ साली पाऱ्याचा कचरा जहाजाने अमेरिकेस परत गेला, आणि त्यानंतर मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहू द्यावा की त्याहून कमी, या वादात पुढची अनेक वर्षे गेली. कारखाना जेमतेम अठरा वर्षे चालला आणि त्याच्या मातीचा प्रश्न त्याहून अधिक काळ.

महाडला इमारतींची भीती आहे, पण ती वेगळ्या प्रकारची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल कोसळून एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी शहरातील पाच मजली तारिक गार्डन इमारत पडून १६ जण दगावले. तेव्हापासून स्ट्रक्चरल ऑडिट हा शब्द रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, आणि तो असलाच पाहिजे. मात्र हे ऑडिट भिंत उभी राहील का एवढेच विचारते. उभी राहिलेली भिंत काय सोडते, हा प्रश्न त्यात नसतो. नद्यांबाबतही तसेच घडले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सावित्रीचा दादली पूल ते मुठवली हा भाग आला, पण ती यादी पाण्याच्या जैवरासायनिक ऑक्सिजन-मागणीवरून, म्हणजे सेंद्रिय घाणीच्या मापावरून बनते. धातूंविषयी ती मौन पाळते. जुलै २०२१ च्या पुरात तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडींखाली माणसे गाडली गेली आणि महाड शहर पाण्यात बुडाले, त्या वेळी घराघरांत साचलेला चिखल फावड्याने काढून रस्त्यावर टाकला गेला. त्या चिखलाचा कस कोणी पाहावा, हे तेव्हा सुचणे शक्यही नव्हते. पूर हा अभिलेख पुसणाराही असतो आणि नवा लिहिणाराही: तो फरशीवरची धूळ उचलतो आणि दुसऱ्याच कोणाच्या अंगणात थर म्हणून अंथरतो, त्यामुळे महाडमध्ये शेडच्या आतले दूषण आणि बाहेरचे दूषण यांची सीमारेषा कुंपणावर आखता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्राने काढले. संशयित जागा कळवणे, राज्य मंडळाने प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी ठरावीक मुदतीत करणे, आणि जबाबदार व्यक्ती शोधून तिच्याकडून खर्च वसूल करणे, असा त्यांचा क्रम आहे. मुदतीचे नियम दिल्लीत केले जातात आणि पाऊस कोकणात पडतो, ही अडचण मात्र कायम राहते. जून ते सप्टेंबर महाडच्या भिंती ओल्या असतात, क्षार आत विरघळलेले असतात आणि पृष्ठभाग धुऊन निघालेला असतो. त्या काळात पुसून घेतलेली पट्टी निर्दोष येण्याचाच संभव अधिक. दसरा उलटला की भिंती सुकू लागतात, आतले पाणी बाहेर येऊन उडते आणि क्षार पृष्ठभागावर लोण्याच्या रूपाने फुलतात. पांढरा लोणा सामान्यतः साध्या क्षारांचा असतो. तो पिवळसर दिसला तर आत सहासंयुजी क्रोमियम असण्याचा दाट संशय घ्यावा लागतो. म्हणून भिंतीचे नमुने माघ-फाल्गुनात आणि तुळयांवरील धुळीचे नमुने वैशाखात, वळवाच्या पहिल्या सरीपूर्वी घेणे इष्ट ठरते.